चेअरमनला लुचणारं कोकरू

न्हावरे,
संक्रांतीनंतरचा शनिवार, २००३

तीर्थस्वरूप दाजी,

संपतचा दंडवत. इकडं मेंढरं, गिता आणि मी, सगळ्यांची तब्येत बरी आहे (हा क्रम गिताला दाखवलेला नाही). तुमची पाठ कशी आहे? कुरकुंभला रात्रपाळी लागली असेल तर कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसू नका, असं गितानं मुद्दाम लिहायला सांगितलंय. निरगुडीचा पाला आम्ही शेकायला पाठवला होता, तुम्ही म्हणे काढा करून प्यालात. प्यालात तर प्यालात, पण गुण आला का तेवढं कळवा, म्हणजे इथल्या लोकांनाही पाजता येईल.

आता मुद्दा. आपली धनश्री पुण्याच्या कॉलेजात फिल्म शिकते म्हणजे नक्की काय करते, ते डोळ्यांनी बघून कळव, मग तिला पुढच्या वर्षी तिथं ठेवायची की दौंडला आणून बसवायची ते ठरवतो, असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. गेला आठवडाभर ती आमच्याकडं कॅमेरा घेऊन होती. तेव्हा मामा म्हणून नाही, पंच म्हणून लिहितो. तुमचा संशय खरा आहे. ह्या फिल्ममध्ये गाणं नाही, मारामारी नाही, गोष्टसुद्धा नाही. आधी तर ती कॅमेऱ्याला हातच लावेना. कानाला हेडफोन, हातात माइक, आणि बसली आपली मेंढरांत लेंड्यांवर. एकेका मेंढीचं ओरडणं वेगवेगळं भरून घेतलं. मग गावातले चेहरे काढायला निघाली. डेअरीचे चेअरमन पोपटराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. आवाज नको, नुसतं तोंड हलवा म्हटल्यावर त्यांनी वार्षिक सभेचं अख्खं भाषण मुक्यानं केलं (गावाच्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण तेच). हे कशापायी, असं मी विचारलं, तर म्हणाली, “मामा, चेहरा एकाचा आन् आवाज दुसऱ्याचा लावला, तर तो मानूस कोन म्हनायचा?” मी म्हटलं, रेशनकार्डावर ज्याचं नाव असेल तो. ती हसली, पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. उद्या माझ्या तोंडातून गिताचा आवाज निघाला तर घरचा कर्ता कोण? (आत्ता कोण आहे ते तुम्हाला माहीतच आहे.) माझा स्वतःचा आवाज तिनं हेडफोनमधून ऐकवला, तेव्हा हा कोण किरकिऱ्या माणूस आला म्हणून मी मागं वळून पाहिलं. मशीनला मात्र हात लावला नाही हो. तुम्ही नवा टेप आणला आणि भलतंच बटण दाबून भजनाची कॅसेट घालवलीत, भजनावर सगळं आमच्या अक्काचं बोलणं भरलं गेलं, तेव्हापासून लाल बटण दिसलं की मी हात मागं बांधतो.

फिल्म तयार झाल्यावर ती आधी इथंच दाखवायची ठरली. पडदा म्हणून गिताची ठेवणीतली पांढरी चादर घेतली. ती बांधायची कशाला, तर मी म्हटलं, आपली वाघर आहे की. (वाघर म्हणजे कोकरं कोंडायची जाळी, हे तुम्हाला सांगायला नको, पण कंपनीत राहून विसरला असाल.) वाघरीच्या दांड्यांना चादर ताणली, समोर धनश्रीनं कॉलेजातून आणलेला प्रोजेक्टर ठेवला, आवाजाला भजनी मंडळाचा कर्णा लावला. धनश्री म्हणत होती, मामा, जनावरांपासून लांब घेऊ. मी म्हटलं, आपल्या पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं गेल्या, तू मला शिकवू नको. आणि पाहुण्यांच्या बैठकीच्या नादात नेमकी कोकरं पाजायची राहून गेली. रोज दिवेलागणीला मेंढरं परतली की मी वाघर उघडतो, आणि एवढ्या गर्दीत प्रत्येक कोकरू नुसत्या आवाजावर आपली आई धरतं. जन्मभर बघतोय हे. त्या दिवशीच कसं आठवलं नाही, कोण जाणे.

पडद्यावर पोपटराव आले. त्यांनी तोंड उघडलं आणि कर्ण्यातून आमची काळतोंडी मेंढी ओरडली. गाव हसलं. पण काळतोंडीचं कोकरू उसळलं, जाळीखालून निसटलं आणि थेट पडद्याला भिडलं. पोपटरावांच्या हनुवटीला, म्हणजे चादरीच्या काठाला, ढुशा देऊन लुचायलाच लागलं. वर पोपटराव हातवारे करतायत, खाली कोकरू शेपूट हलवतंय. मग बाकीची कोकरं उठली, त्यांचं ऐकून बांधावरची मेंढरं आली, दांड्या उपटल्या, चादर पायाखाली गेली, आणि पोपटराव मेंढरांच्या पाठींवर भाषण करत राहिले. मेंढरं सरकतील तसं त्यांचं तोंड रुंद होत होतं. खरे पोपटराव पुढंच खुर्चीवर होते. ते उठले. म्हणाले, “संपत, ते लेकरू आधी त्याच्या आईकडं सोड. माज्याकडं काय बी न्हाई.” त्यावर गिता बोलली, “व्हय, पर चेअरमन, तुमच्या भाषनाला एवढी गर्दी कवा झाली हुती?”

तर दाजी, चादर गेली, गिता माझ्याशी धड बोलत नाही, आणि चहाच्या टपरीवर मला प्रोड्यूसर म्हणतात. अशा शिक्षणाचा उपयोग काय, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. तुम्ही बाप आहात, योग्य वाटेल ते करा.

आपला मेव्हणा,
संपत

ता.क. वरचं वाचून पोरीला दौंडला आणून बसवाल, म्हणून लिहितो: बसवू नका. कोकरू चेहरा बघत नाही, आवाज धरतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण त्याचं नवल कधी वाटलं नव्हतं. ते तिनं वाटायला लावलं. पोपटरावही रोज विचारतात, परत कधी दाखवणार. कोकरं पाजून झाल्यावर, असं सांगितलंय.

आणखी ता.क. खरं तर पत्र ह्यासाठी लिहायला घेतलं होतं. फिल्मच्या शेवटी अक्काचा फोटो आहे, तुमच्या कपाटावरचा. बराच वेळ नुसता फोटो, आवाज काहीच नाही. मी म्हटलं, इथं का गप्प? तर म्हणाली, “मामा, आईचा चेहरा मला पाठ हाय. आवाज आठवत न्हाई.” अक्का गेली तेव्हा ती केवढीशी होती, तुम्हाला काय सांगू. ती बिघडलेली कॅसेट तुम्ही टाकली नाही, ट्रंकेत युनिफॉर्मखाली ठेवलीय, हे मला माहीत आहे. धनश्रीला ती आहे हेच माहीत नाही. फिल्मला द्यायची नसेल तर राहू द्या. पण एकदा पोरीला शेजारी बसवून ऐकवा. टेप चालत नसेल तर आमचा घेऊन येतो. त्यात अक्का तुम्हाला चहाच्या बशीत विडी विझवली म्हणून झाडतेय, हेही मी तिला सांगितलेलं नाही. ते तिला अक्काच्याच तोंडून कळू दे.