जानेवारीची भिशी

३ जानेवारी १९७४
सराफाकडे जाऊन आले. गहाण पाटल्यांवरचे अजून ६४० बाकी. "देखो बाई, दस तारखेपर्यंत तीनशे भरा, नाही तं पाटल्या आटवून टाकतो. सोन्याचा भाव चढून राहिला, मले थांबाले परवडत नाही." हे तो चहा पिता पिता म्हणाला. मला चहा विचारला नाही.

डब्यांमध्ये मिळून ४१ रु. वाण्याचा डबा, भाड्याचा डबा, सराफाचा डबा, आणि 'हात लावायचा नाही' तो डबा. त्या शेवटच्याला सगळ्यांत जास्त हात लागतो.

यांना बोलले नाही. पोटाच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली तरी पाटल्यांचं नाव निघालं की यांचा हात पोटाकडे जातो.

कोठीच्या दाराआडची हळदीची बोटं मोजली. दहा रुपये फिटले की एक बोट, असं ठरवलं होतं. नऊशेपैकी सव्वीस बोटं झाली. पहिल्या वर्षी एकेक बोट उमटवताना सणासारखं वाटायचं. आता मोकळी भिंतच तेवढी दिसते.

४ जाने.
खालच्या खोलीतली रुक्मिणी दुपारी वर आली. नवरा मिलमध्ये बदलीवर, महिन्यातले दहा-बारा दिवस काम. मुलगी कुंदा मॅट्रिक झाली, वर्ध्याला नर्सिंगला नाव लागलंय. वीस तारखेच्या आत दोनशे भरायचे.

"वहिनी, उद्या भिशीत साऱ्यायसमोर मांगू काय? अडचण सांगतली तं देतात ना?"

देतात. गेल्या वर्षी एकीला चिठ्ठी न काढताच दिली होती. नियमच आहे आमचा, मीच वहीत लिहिलेला.

मी म्हणाले, "कशाला चारचौघींत घरचं उघडं करतेस? नशिबात असेल तर निघेल."

बरं म्हणाली. माझं ऐकते ती. मॅट्रिक शिकलेली बाई चांगलंच सांगणार असं तिला वाटतं.

मी असं का बोलले हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

५ जाने.
भिशी झाली. बारा बायका, पंचवीस-पंचवीस, तीनशे. सहाजणींची आधीच निघालेली. उरलेल्या सहांत मी आणि रुक्मिणी. चिठ्ठ्या नेहमी मीच लिहिते, अक्षर चांगलं म्हणून. आज सहा लिहिल्या. सहाही माझ्याच नावाच्या.

छायानं उचलली. पहिलीत आहे, नुकतं वाचता येऊ लागलंय. "सु... म... न. आई! आपली निघाली!" रुक्मिणी सगळ्यांच्या आधी हसली. "पोरीच्या हाताले यश हाय वं."

मग छायाला बाकीच्याही वाचून दाखवायच्या होत्या. तिनं डब्यात हात घातला. मी तिच्या थोबाडीत मारली, सगळ्यांदेखत. डबा तसाच सिगडीत उपडा केला.

"काहून मारलं वं लेकराले? आजच्या दिवशी?"

म्हणाले, सारखी मध्ये मध्ये करते.

छाया जेवली नाही. मी जेवले.

७ जाने.
तीनशे भरून आले. सराफानं आज चहा विचारला.

तीस बोटं उमटवायची होती. हळद कालवली आणि भाजीत टाकून दिली.

मी मागितले असते तरी त्यांनी मला दिले असते. हे आज सुचतंय असं नाही, तेव्हाही माहीत होतं. पण मागायचं म्हणजे पाटल्या गहाण आहेत हे सांगायचं. लग्नकार्यात हातात बेन्टेक्सच्या घालून मिरवते आणि कोणी विचारलं तर 'खऱ्या कपाटात ठेवल्या, दिवस वाईट आहेत' म्हणते, ते सगळं गिळायचं. मागायची लाज वाटली. चोरी करायची नाही वाटली. कशी आहे मी!

१९ जाने.
हळदीकुंकू. वाण म्हणून सुईदोऱ्याची पुडी, बारा पुड्या पावणेदोन रुपयांत. बायका म्हणाल्या, "पाहा, कामाची वस्तू दिली. शिकावं तं सुमनवहिनीकडून." मी तिळगूळ पुढे करत राहिले.

रुक्मिणी उशिरा आली. पैसे भरले म्हणाली. कुठून आणले? बाजारातल्या एका सावकाराकडून. रुपयाला दहा पैसे महिना.

म्हणजे महिन्याला वीस रुपये नुसतं व्याज. मुद्दल जागच्या जागी.

"होईल वहिनी. भिशी निघाली का त्याच्या तोंडावर मारतो दोनशे." एवढं बोलून पुडीतली सुई दिव्याकडे धरून पाहिली, बारीक आहे म्हणाली, पोलक्यांना चांगली.

२ फेब्रुवारी
कुंदाचे पांढरे गणवेश मी शिवून दिले, तीन जोड. शिलाई घेतली नाही. रुक्मिणी पाया पडायला वाकली. वयानं माझ्याहून मोठी आहे ती! मी इतकी जोरात मागे सरले की मशीनवर आदळले. कोपर सुजलंय. बरं झालं.

१० फेब्रु.
आज रुक्मिणी पाच रिकामे डबे घेऊन आली. डालड्याचे, घासून लख्ख केलेले.

"तुमी कसं फेडून राहिल्या ते मले शिकवान काय? तुमच्यावर बी होतं ना काही? माया घरी पैसा आला का कुठं जाते, समजतच नाही."

शिकवलं. कुठल्या डब्यात आधी टाकायचं, भाजी उतरत्या बाजाराची घ्यायची, दूध पावशेर कमी, वाण्याकडे वही ठेवायची नाही, रोख जेवढं तेवढंच आणायचं. हळदीच्या बोटांचंही सांगितलं. ते तिला फार आवडलं. "हे तं पोरीले मोजून दाखवाले बी चांगलं," म्हणाली. व्याज फिटलं की बोट लावायचं की मुद्दल फिटलं की, असं विचारलं तिनं. मुद्दल, म्हणाले. मग बोटांवर मोजायला लागली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान.

५ मार्च
भिशी. चार नावं उरली होती. चारही चिठ्ठ्यांवर रुक्मिणीचं नाव लिहून ठेवलं होतं. एकदा लबाडी केली ती माझ्यासाठी, आता तिच्यासाठी, फिटंफाट. पण बायका जमायला लागल्या, धीर झाला नाही आणि आत जाऊन चार खऱ्या लिहून आणल्या.

निघाली शिंपीणबाईंची. आणि कोण जाणे काय वाटलं, शिंपीणबाईंनी बसल्या बसल्या उरलेल्या तिन्ही उलगडून पाहिल्या. "सहजच वं, दुसरं कोण राहिलं ते पाहून राहिली."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं हिला कळलंय. पण ती पुढे पापडाचंच बोलत होती.

वाचले म्हणून आनंद झाला, तो किती वेळ टिकला ते लिहीत नाही. रुक्मिणीचे आणखी वीस रुपये गेले.

१७ एप्रिल
आज मोडलं सगळं. दीड वर्ष एक पातळ घेतलं नाही, सिनेमा नाही, छायाला बर्फाचा गोळासुद्धा आठवड्यातून एकच. आज महालातल्या बाजारातून येताना दुकानात टांगलेलं वांगी रंगाचं पातळ दिसलं आणि सराफाच्या डब्यातले २२ रु. देऊन घेतलं. घरी येऊन घडी मोडली नाही. कंटाळा आला होता, एवढंच. कर्ज फेडायचा कंटाळा येतो हे कोणी सांगत नाही.

संध्याकाळी रुक्मिणी तिच्या दाराआडची बोटं दाखवायला घेऊन गेली. दोन बोटं. तीन महिन्यांत व्याज देऊन वर वीस रुपये मुद्दलातले फेडलेत तिनं. कसे, विचारलं. "एक टाइम रेशनच्या मिलो जवारीची भाकर अन् चटणी. उन्हाळ्यात तशी बी भूक कुठं लागते?"

१८ एप्रिल
पातळ परत करायला गेले. दुकानदारानं घेतलं, दोन रुपये कापून.

१९ मे
ऊन मरणाचं. यंदा वाळ्याची ताटी नाही, खिडकीला ओलं गोणपाट. रविवार, हे घरी. गोणपाटावर पाणी मारता मारता यांना सगळं सांगून टाकलं. का आजच, माहीत नाही. कुंदाचं पत्र आलं होतं सकाळी, मीच रुक्मिणीला वाचून दाखवलं. त्यात मला वेगळा नमस्कार होता.

यांनी गोणपाटाचं टोक खिळ्याला नीट अडकवलं. मग म्हणाले, "मले काहून नाही सांगितलं? मी सायकल विकली असती."

"मग हापिसात कसे गेला असतात?"

"पायी. लोक जात नाहीत काय?"

नंतर म्हणाले, "माझ्या पोटापायी झालं हे." मी चिडले. म्हटलं, पोटाला मध्ये आणू नका, चिठ्ठ्या पोटानं नाही लिहिल्या. माझी चूक तरी माझ्याकडे राहू द्या.

शेवटी दोघांनी ठरवलं, पाटल्या सुटल्या की रुक्मिणीचं व्याज भरून द्यायचं. हे म्हणाले, "कुंदाच्या शिक्षणाले म्हणून देऊ. कारण सांगायची काय गरज?" मला ते लगेच पटलं. इतकं लगेच पटलं, तिथेच काहीतरी चुकतंय.

५ जून
रुक्मिणीची निघाली. खरी चिठ्ठी, खरं नाव. एकच नाव राहिलं होतं म्हणा.

तिनं तीनशेला आधी हळदकुंकू लावलं. संध्याकाळी सावकाराचं सगळं फेडून आली आणि येताना माझ्यासाठी पावशेर पेढे. "तुमच्या डब्यांमुळे झालं वहिनी, नाही तं त्याच्या दारात मेले असते."

पाच महिन्यांचं व्याज. मुद्दल थोडं कमी होत गेलं ते धरून ९७ रुपये होतात. हिशेब तीनदा केला. पेढा खाल्ला. न खाऊन कुठे जाते?

६ जुलै
पाटल्या घरी आल्या.

हे मुद्दाम अर्धी रजा टाकून सोबत आले. सराफानं तोलून दाखवल्या, वजन बरोबर. रिक्षा केली नाही, चालत आलो. घरी आल्यावर यांनी स्वतः माझ्या हातात घातल्या आणि म्हणाले, "आता तरी हस वं." हसले. त्यांना ते पुरलं, बिचाऱ्यांना.

कोठीत जाऊन राहिलेली बोटं उमटवायला घेतली. जानेवारीची तीस सोडून चौतीस. दाराआड मधेच रिकामी जागा राहिली आहे. छायानं विचारलं, "इथं काहून नाही लावले?" तिथे ओल आहे म्हणाले.

२८ जुलै
रुक्मिणीचे ९७ रु. जमले. तीन वरती घालून शंभर केले. पाकीट तयार आहे. 'कुंदाच्या शिक्षणास' असं लिहिलं वर. मग ते पाकीट फाडलं. दुसरं घेतलं, कोरं ठेवलं.

४ ऑगस्ट
जुलैचा खाडा संपला, उद्यापासून नवी भिशी. चिठ्ठ्यांसाठी कागद कापत बसले होते, तर रुक्मिणी आणि शिंपीणबाई वर आल्या.

"ते राहू द्या वहिनी. उद्या चिठ्ठी नाही काढाची. पयली भिशी तुमची."

मला समजेना.

शिंपीणबाई म्हणाल्या, "साऱ्याजणी बोललो आमी. दोन वर्षं झाले, तुमच्या अंगावर नवं पातळ नाही. पाटल्या खोट्या होत्या हे का समजत नव्हतं आमाले? पण तुमी तोंडानं मांगान नाही. मंग आमीच ठरवलं."

खोट्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं.

मी हातातल्या पाटल्या पदराखाली घेतल्या, खऱ्या असून. नको म्हणाले. मला नको, रुक्मिणीला द्या. रुक्मिणी म्हणाली, "मायं तं फिटलं तुमच्या कृपेनं. तुमाले काहून नको?" दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा हात धरून विचारलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. शिंपीणबाई मध्येच बोलल्या, आणि ते बरं वाटलं मला.

म्हणाले, उद्या बोलू, सगळ्या असताना.

यांना सांगितलं. "पाकीट देऊन टाक गुपचूप अन् भिशी घेऊ नको. झालं," म्हणाले. सज्जन माणूस. पण भिशी का घेत नाही ते सांगितल्याशिवाय त्या सोडणार नाहीत, आणि खोटं कारण आता माझ्याजवळ उरलेलं नाही.

५ ऑगस्ट
चार वाजले. सतरंजी घातली. पाकीट पोलक्यात ठेवलंय, घामानं ओलं झालंय. काय बोलायचं ते मनात चारदा म्हटलं. 'जानेवारीत मी' इथपर्यंत नीट येतं.

सांगितल्यावर भिशी माझ्याकडे राहणार नाही. तेवढं चालेल. कुंदा आता मला नमस्कार लिहिणार नाही, हे जास्त लागतं. रुक्मिणी काय करेल ते ठरवता येत नाही. शिव्या दिल्या तर बरं. ती 'जाऊ द्या वहिनी' म्हणाली तर काय करू?

ती कधीचीच वर येऊन बसली आहे. सतरंजीसमोर तिच्या घरचा पाट मांडलाय आणि भोवती रांगोळी काढते आहे. मघाशी आत डोकावून म्हणाली, "चांगलं पातळ नेसा वहिनी, आज तुमचा मान हाय." बाकीच्या जिन्यात आहेत, आवाज येतोय.

नेसलेलंच राहू देते. त्या पाटावर बसून बोलायचं की उभ्यानंच, एवढं अजून ठरत नाही.