माझ्या प्रवासी लेन्सची आणि तिच्यातल्या माणसांची व्यवस्था

मृत्युपत्राच्या आरंभी देवाचे स्मरण करावे असा शिष्टसंकेत आहे. मला मात्र आधी लेन्सच्या झाकणाबद्दल तक्रार नोंदवायची आहे. सूर्याला ग्रहण लागते, राज्ये बुडतात, हे मी समजू शकतो. पण शंभर पावलांवरच्या माणसाच्या पापणीचे केस मोजता येतील अशी काच घडवणारे कारागीर तिचे झाकण मात्र सुटे ठेवतात, साध्या दोऱ्यानेही बांधत नाहीत, हा मनुष्यजातीवरचा अन्याय आहे. माझे झाकण दिवाळीत पुन्हा हरवले आणि खाकऱ्याच्या डब्यात सापडले. ते तिथे मी ठेवले नव्हते, असे शपथेवर लिहिणार होतो; पत्नी सौ. कोकिळा म्हणाली, "मृत्युपत्रात तरी खरं लिहा."

तेव्हा खरे लिहितो. मी, भूपेश उमेदमल छाजेड, वय छप्पन्न, राहणार शहादा, जिल्हा नंदुरबार, व्यवसायाने एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर, शिक्षणाने संस्कृतचा पदवीधर (या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध कोणाला सापडल्यास कळवावे), कोणाच्याही धाकाखाली नसताना, राजीखुशीने आणि शुद्धीवर असताना ही व्यवस्था लिहून ठेवत आहे.

शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी मंगळवार न म्हणता म्हणालो, "भौमवासरः. कार्तिक कृष्ण सप्तमी." मग त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले; मी ते संस्कृतात केले. डॉक्टरांनी हात जोडले आणि शिक्का मारला.

वाटण्याजोगे माझ्याकडे फारसे नाही. एक लेन्स आहे, आणि एक हार्ड डिस्क, जिच्यात त्या लेन्सने टिपलेली हजारो माणसे आहेत. त्या माणसांची नावे डिस्कमध्ये नाहीत. ती फक्त माझ्या डोक्यात आहेत. डोक्याबरोबर ती जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा कागद.

कलम पहिले : घर आणि शिल्लक.

बियाण्यांच्या दुकानावरच्या माळ्यातले माझ्या हिश्शाचे घर आणि बँकेत जे काही असेल ते कोकिळेचे. किती आहे ते तिलाच ठाऊक आहे. मला ती कधी सांगत नाही, कारण मी लगेच लेन्सच्या जाहिराती पाहू लागतो. खालचे दुकान थोरले बंधू हस्तीमल यांचे आहेच. त्यांनी माझ्याबद्दल एकदा भर बाजारात उद्गार काढले होते, "ह्याने संस्कृत शिकलं आणि कॅमेरा घेतला. दोन्हींना शहाद्यात गिऱ्हाईक नाही." (मूळ मारवाडी. भाषांतर माझे, टोचणी त्यांची.) मी त्यांना क्षमा केलेली नाही. तथापि माझा तिपाई स्टँड त्यांना द्यावा. त्याच्यावर वहिनी गेली कित्येक वर्षे मिरच्यांची परडी वाळत ठेवतात, तेव्हा ताबा त्यांचा सिद्धच आहे.

आमचे वडील उमेदमलजी अखेरच्या वर्षांत त्याच दुकानाच्या गादीवर बसून असत. मी जिना उतरलो की मला अदबीने विचारत, "या भाई, काय देऊ? कापसाचं की मक्याचं?" हस्तीमल हसून म्हणत, "बघ, बापालाही कळलं, तू दुकानाचा नाहीस." आम्ही सगळे हसत असू. मीही.

कलम दुसरे : लेन्सची हकिकत, ती घेणाऱ्याला ठाऊक असावी म्हणून.

मी लहानपणापासून प्रवासी आहे. फक्त प्रवास झालेला नाही. लडाख, शिखरजी, कच्छचे रण, सगळे नकाशावर पाठ आहे. कोकिळेला लग्नात वचन दिले होते की जग दाखवीन. वचन पाळायचे तर आधी तयारी हवी, आणि तयारीत सर्वांत आधी योग्य लेन्स. तिची निवड करण्यात मी चार वर्षे घालवली. रुंद दृश्याला एक, माणसांना एक, लांबच्या पक्ष्याला एक, अशा तीन लेन्स वाहणारा माणूस प्रवासात हमाल होतो. धुळीत लेन्स बदलायची म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात धूळ. मला हवी होती एकच, जी दऱ्याही घेईल आणि दरीपलीकडच्या बकरीची दाढीही. संस्कृतात अशा वस्तूला अव्यय म्हणतात : कोणत्याही लिंगात, कोणत्याही विभक्तीत न बदलणारी. असे अव्यय मिळवण्यात व्यय मात्र बराच झाला.

बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ चालवणारे माझे परममित्र लोटन पाटील यांना मी रोज नवा तक्ता दाखवी : हिचे वजन कमी, तिचा हात-थरथर-रोधक चांगला, हिच्या कडांना चित्र वाकते, तिचे छिद्र लांबच्या टोकाला बारीक होऊन उजेड कमी पडतो. लोटनभाऊ अहिराणीतच निकाल देत.

"भूपेशभाऊ, जी लेन्स समदं करस, ती कोन्तंच काम धड करत नई. पत्रकारेसनी गत शे ती."

"मग घेऊ नको म्हणतोस?"

"ल्या ना! तुमले तीच शोभस."

शेवटी सुरतेहून अठरा ते तीनशे मिलिमीटरची आणली : अठराला रुंद दृश्य, तीनशेला लांबचे जवळ. लोटनभाऊंचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. अठराला भिंती बाहेर फुगतात, तीनशेला चेहरे किंचित मऊ पडतात, आणि संध्याकाळ झाली की चित्रात रवा सांडतो. पण एकही क्षण लेन्स बदलण्यात गेला नाही. हिच्यातून मी काय पाहिले? साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा नारळ. वादळात आडवी झालेली कळसाडीची केळी. खड्ड्यात बसलेली धडगाव गाडी आणि तिच्याभोवती सल्ला देणारे प्रवासी. लडाख अजून व्हायचे आहे. दरवर्षी एकदा मात्र खरा प्रवास घडे : सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी.

तिथे माझी ओळख नवलसिंग वसावे यांच्याशी झाली. मी पहिल्या वर्षी गर्दीच्या पार कडेला, एका दगडावर उभा राहून तीनशेवरून नाचणाऱ्यांचे चेहरे ओढत होतो. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, असे एक गृहस्थ नाच सोडून सरळ माझ्याकडे आले.

"एवढं नळकांडं लावून लांब का उभा आहे तू? मी वाघ आहे?"

डोंगरात अहो-जाहोचा रिवाज नाही, हे मला खूप आवडते. मी म्हणालो, प्रवासी लेन्स आहे, लांबचे घेते.

"मग प्रवास कर. ये इकडं."

दंड धरून त्यांनी मला मध्यात नेले. त्या वर्षीचे माझे बरे निघालेले सगळे फोटो अठरावरचे आहेत.

कलम तिसरे : त्या फोटोंचे पुढे काय होते.

वर्तमानपत्रात ते "आमच्या वार्ताहराकडून" या नावाने छापून येतात. संपादकांना माझे नाव छापायला जागा कधी पुरली नाही. संपादकांना मी काही देत नाही. त्यांच्यासाठीही जागा पुरली नाही.

परंतु फोटोंचा खरा उपयोग निराळाच. कोणी गेले, की घरचे लोक माझ्या दारात येतात. "दादा, आमना बाबाना येखादा फोटो शे का?" आधारकार्डावरचा चालत नाही, त्यात माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो. मग मी संगणक उघडतो. त्यांचे बाबा कधीतरी कुठल्याशा सभेत मागच्या रांगेत बसलेले असतात, जत्रेत जिलेबी खात असतात. तीनशेने ओढलेली ती चेहऱ्याची मऊ चकती मोठी करून मी देतो आणि ती भिंतीवर जाते. मला वाटते, या तालुक्यातल्या आणि वरच्या पाड्यांमधल्या पुष्कळ भिंतींवर माझे काम लटकले आहे, हारासकट. लडाखच्या फोटोंना हे भाग्य लाभले नसते.

यात कौशल्य लेन्सचे नव्हते. कौशल्य एवढेच, की "कोणाचा फोटो हवाय?" विचारून नाव कळले की मला आठवे, तो माणूस कोणत्या गर्दीत, कोणाच्या खांद्यामागे उभा होता. शब्दरूपे पाठ केलेल्या मुलाला हे जड नाही. रामः रामौ रामाः म्हणावे तशी माणसे रांगेने येत.

कलम चौथे : जमनाबाई.

गेल्या पावसाळ्यानंतर जमनाबाई काठीहून बाजाराच्या दिवशी आल्या. दारातच म्हणाल्या, "माझा माणूस मेला. होळीत तू त्याचा फोटो काढलेला. दे."

मी त्यांना बसवले. कोकिळेने चहा दिला. मी होळीचे फोटो लावले. ठिपक्यांनी रंगलेले चेहरे, एकासारखा एक. मी पुढे पुढे नेत राहिलो. त्या कुठेच बोट ठेवीनात आणि मला कोणी आठवेना. मग एका फोटोत, मागे, न नाचता खाली वाकून घुंगरांचा पट्टा बांधणारा कोणीतरी दिसला. चेहराही धड दिसत नव्हता.

"हा," जमनाबाई म्हणाल्या.

मी तो मोठा केला, नीट केला. खाली नाव घालायची पद्धत आहे, म्हणून विचारले, "नाव काय लिहू?"

त्यांनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत.

"वाहरू," त्या म्हणाल्या. "तू नाव विचारतो? दर होळीला तू आमच्या घरी जेवतो."

हे खरे आहे. मी वाहरूच्या घरी दर होळीला जेवतो. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ. हे आठवते, पण नाव सांगितल्यावर. त्या गेल्यावर कोकिळेने कप उचलले आणि लगेच धुवायला घेतले. ती इतक्या तत्परतेने कप धुते तेव्हा मी घाबरतो.

कलम पाचवे : वाटणी.

लेन्स, कॅमेरा आणि हार्ड डिस्क नवलसिंगांची कन्या सोनम हिला द्यावी. ती मोलगीला शिक्षिका आहे आणि पाड्यापाड्यातली नाती तिला तोंडपाठ आहेत. माझ्या हयातीतच काम सुरू केले आहे : दर रविवारी सोनम आणि नवलसिंग माझ्याकडे येतात, एकेक फोटो लावतात, आणि तिघे मिळून त्यातली नावे संगणकात टाकतो. शहाद्याकडची मी सांगतो, वरची ते दोघे. हल्ली मीही पुष्कळदा त्यांनाच विचारतो. सोनम म्हणते, "सर, यात तुम्हीपण आहात बघा, आरशात." एका नाचणाऱ्याच्या टोपातल्या काचेत मी होतो खरा, वाटाण्याएवढा. त्याच्याखाली तिने माझेही नाव घातले. मी नको म्हणालो नाही.

लेन्सची एकच अट : लांब उभे राहून वापरू नये.

माझी कन्या नेहल पुण्यात असते. ती म्हणते, "पप्पा, आता फोनमध्येच सगळं येतं, लेन्सचं लोणचं घाला." तिला माझी जुनी पन्नासची लेन्स. तिच्यात मागेपुढे होण्याची सोय नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर चालत त्याच्याजवळ जावे लागते. पुण्याहून शहाद्यालाही ते लागू आहे.

लोटनभाऊंना काहीही नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. हे कळल्यावर लोटनभाऊ म्हणाले, "मंग मी फुकटमा सही का बर करू?" मी म्हणालो, मैत्रीखातर. ते म्हणाले, "तीबी उधारीवरच शे." पण पेन मागितले.

खाकऱ्याचा डबा कोकिळेचा. झाकणासकट. दोन्ही झाकणांसकट.

कलम शेवटचे : डॉक्टरांना जे सांगितले नाही.

डॉक्टरांनी मला विचारलेले सगळे मी दहाव्या-बाराव्या वर्षी पाठ केलेल्या तोंडाने सांगितले. वाराची संस्कृत नावे, आकडे, हे जात नाही. वडिलांनाही कापसाच्या बियाण्यांच्या जाती शेवटपर्यंत ठाऊक होत्या. तिथी मी दवाखान्याच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरून सांगितली. डॉक्टरांनी विचारायला हवे होते, काल जेवणात काय होते. ते मला सांगता आले नसते. वाहरूनंतर आणखी नावे गेली आहेत. मागच्या रविवारी नवलसिंगांना मी थोडा वेळ नुसते "तुम्ही" म्हणत होतो. ते हसले; म्हणाले, "आज एवढा मान कशाला?"

हे नेहलला अजून सांगितलेले नाही. कोकिळेला सांगायची गरज पडलेली नाही. या कागदातली काही नावे मी तिला विचारून लिहिली आहेत आणि तिने ती नुसती सांगितली, मान वर न करता.

मरणाची मला विशेष भीती वाटत नाही. मला भीती आहे ती एवढीच, की एक दिवस कोकिळा जिना चढून येईल, दारात उभी राहील, आणि मी अदबीने उठून तिला विचारीन, "या ना, बसा. कोणाचा फोटो हवाय?"

म्हणून आजच, जोवर मी मी आहे, तोवर सही करतो.

ठिकाण : शहादा, जि. नंदुरबार
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

(सही) भूपेश उमेदमल छाजेड

भूपेशभाऊंनी हे सगळे आमच्यासमोर मोठ्याने वाचले आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. शेवटचे कलम वाचताना ते थांबले नाहीत. आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर साक्षीदार म्हणून सह्या करतो.

१. (सही) लोटन पाटील, फोटो स्टुडिओ, शहादा
२. (सही) नवलसिंग वसावे, काठी