बेस कॅम्प, मांजर्ली

१६ एप्रिल

डायरी एक जानेवारीला घेतली होती. थंडी गेली की लिहू म्हटलं. मग होळी झाली की. मग जयंती झाली की. जयंती परवा झाली, नाचून पोटऱ्या अजून दुखतायत. आता पुढे ढकलायला काही उरलं नाही, म्हणून सुरुवात.

सध्या मुक्काम आत्याकडे, मांजर्ली, बदलापूर वेस्ट. कारण पप्पा. उल्हासनगरच्या घरातून सॅकसकट बाहेर काढलं. म्हणे कॉलेज अर्धवट, जीन्सच्या कारखान्यात दोन महिने, गोव्याला हॉटेलात अर्धा सीझन, मनालीत काय दिवे लावले ते तुझं तुला ठाऊक. एक, फक्त एक काम शेवटाला नेऊन दाखव. मुदत ३१ मे. नाहीतर १ जूनपासून अंबरनाथला संतोषदादाच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहायचं.

पॅकिंग! रोहतांग बघितलेला माणूस खोक्यांना टेप मारणार.

पण प्लॅन रेडी आहे. आत्याचे मिस्टर भीमराव, म्हणजे आमचे मामा, मार्चमध्ये फॅक्टरीतून रिटायर झाले. दोघांना या उन्हाळ्यात फिरायचंय. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. त्यांना गाईड पाहिजे, मला धंदा. ‘मुकेश टूर्स’. दीड महिना फिरवतो, आत्या पप्पांना फोन करून सांगेल की पोरगा कामाचा आहे. विषय संपला.

कुठे जायचंय विचारलं तर अंबरनाथचं शिवमंदिर म्हणाले. पुढच्या स्टेशनावर! तीस वर्षं इथे राहून बघितलं नाही. एक्सपोजर झीरो.

१९ एप्रिल, दुपार

टूर नंबर एक. टावळीच्या डोंगरावरून सनराइज, असं मी फायनल केलं होतं. साडेचारचा अलार्म लावला. तो सहा वेळा वाजला असं खालच्या मजल्यावरची बनूबाई सांगते. बाई आहे की पोलीस चौकी.

दहाला उठलो. दोघं मंदिराला निघून गेलेली. फ्रीजवर चिठ्ठी: अकराला पाणी येईल, आधी पिंपं विसळून घे, अंडी उकडून ठेवलीत.

इथली पाण्याची भानगड अशी: बिल्डिंग जुनी, वर टाकी नाही. अकरा ते बारा नळाला करंगळीएवढी धार. त्यात तीन पिंपं, दोन हंडे, झालंच तर बादल्या. चुकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत घर कोरडं.

भरलं. पण घरगड्यासारखं नाही. लोक हिमालय चढतात तेव्हा खाली बेस कॅम्पवर एक डोकेबाज माणूस बसलेला असतो. सगळी मोहीम त्याच्यावर चालते. वर चढणारे काय, कोणीही.

चारला परत आली. मामांचं नाक भाजून लाल. आत्या तासभर दगडातल्या हत्तींबद्दल बोलली. मी म्हटलं, आत्या, हे काहीच नाही, हंपी बघ. ती म्हणाली, तू बघितलंस? मी म्हटलं, रील बघितली.

२४ एप्रिल

आज ती दोघं बारवी धरणाच्या बाजूला. मी मुद्दाम मागे राहिलो, कारण टूर लीडरला शिट्टी लागते. साडेआठला उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या मार्केटमध्ये. दहाला परत यायचं, आरामात.

शिट्टीच्या दुकानाआधी दुर्बिणीचं दुकान लागलं. मालक म्हणाला, साईं, जर्मन माल है. एका डोळ्याने दिसतच नाही, पण दुसऱ्याने एवढं क्लिअर दिसतं की दोन्हींचं वसूल. मग समोर एक जण जुन्या बॅगांना नवीन चेन लावत होता, ते बघत बसलो. काय हात! मग गाडीवर दालपकवान खाल्लं. मग एकदम आठवलं, पाणी.

घरी पोचलो तेव्हा पावणेदोन. नळ उघडला तर नुसता फुस्स.

दोघं उन्हातून आली, तोंडावर मारायला पाणी नाही. मामा हंडा घेऊन बनूबाईकडे गेले. तिने हंडा भरून दिला आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं, भीमराव, भाचा ठेवलाय का पाहुणा? आत्या ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, मुकेश, तुझ्या पप्पांना आता मी काय सांगू?

हे बरोबर नाही. चूक सिस्टिमची आहे. टाकी बांधा.

तरी संकल्प: पाणी चुकवायचं नाही. पॅकिंगचे खोके स्वप्नात आले.

शिट्टी राहिलीच.

३ मे

नऊ दिवस, एकदाही चुकलो नाही. मोबाईलवर दोन अलार्म, शिवाय बनूबाई.

आज स्वतः बरोबर जाणार होतो. व्हॉट्सॲप ग्रुप काढला: ‘मांजर्ली ॲडव्हेंचर लेजंड्स’, मेंबर तीन. मामांना वाटलं कोणीतरी फ्रॉड करतंय, ते दोन मिनिटांत बाहेर पडले. आत्याने त्यात चवळीच्या उसळीचा व्हिडिओ टाकला. असो.

रिक्षा स्टँडपर्यंत एकत्र गेलो. टोपी, दुर्बीण, सगळं अंगावर. आत्या रिक्षात बसली आणि म्हणाली, अरे पण अकराला? मामा म्हणाले, राहू दे, मी थांबतो, तुम्ही दोघं जा. आणि उतरायला लागले. साठीच्या माणसाचा एवढुसा चेहरा! मी म्हटलं, बसा. लीडरने कधी मागे राहायचं ते लीडरला कळतं.

कुठे गेली? कोंडेश्वरला. तिथे काय आहे? डोंगर, कुंड, माकडं. माकडांनी मामांचा ठेचा पळवला. मामा हे तीन वेळा सांगून तीन वेळा हसले. ठेचा खाल्लेलं माकड पुढे काय करत होतं, ते उठून करून दाखवलं. रिटायर माणूस!

११ मे

आज बदलापूर गाव, मग नदी. मी रॅपलिंग सुचवलं होतं. आत्या म्हणाली, ते काय असतं? सांगितलं. ती म्हणाली, त्यापेक्षा पाय बुडवून बसू.

बसली. दोन तास! मामांनी फेसबुकवर चार पायांचा फोटो टाकला. त्रेचाळीस लाईक. मी ‘पिंप भरण्याची प्रोफेशनल पद्धत’ अशी रील टाकली होती. सहा लाईक, त्यातला एक माझा, एक बनूबाईच्या सुनेचा चुकून.

लोकांना टेस्ट नाही.

२५ मे

जांभळं आणायला गेली आणि जिभा जांभळ्या करून आली. आरशासमोर उभं राहून एकमेकांना जीभ दाखवत होती. वय काय, चाललंय काय. माझ्यासाठी द्रोण भरून आणला होता. खाल्ला.

आत्या पिंपावर हात ठेवून म्हणाली, लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मिळून दुपारचं कुठे गेलोच नव्हतो रे. हे फॅक्टरीत, मी नळाशी. सुट्टी असली तरी एकाने घरी थांबायचंच.

मी म्हटलं, प्लॅनिंग नव्हतं तुमचं. ती म्हणाली, हो, तेच.

यंदा त्यांचे नऊ स्पॉट झाले. म्हणजे मुकेश टूर्सच्या नऊ यशस्वी टूर. मी अजून एकाही ठिकाणी गेलो नाही, पण विमान कंपनीचा मालक काय प्रत्येक विमानात बसतो?

३० मे, संध्याकाळ

उद्या मुदत. उद्याच ग्रँड फिनाले: कर्जतजवळची कोंढाणे लेणी. मामांना कधीची बघायचीत. यावेळी मी पुढे, बाकी मागे. पाण्याचं आत्याला सांगितलंय, बनूबाई एक दिवस भरेल का विचार. आत्या म्हणाली, बघते.

आणि आता, पाच मिनिटांपूर्वी, स्वतःच्या कानांनी ऐकलं. आत्या पप्पांना फोनवर सांगत होती: पोरगा बदलला हो दादा. घड्याळ लावून काम. महिना झाला, एक दिवस खाडा नाही. त्याच्या जिवावर तर आम्ही फिरलो.

जिवावर! शब्द नोंदवून ठेवतो. पॅकिंग कॅन्सल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिनीबस, युनिफॉर्म, ऑफिस. बोर्डाचा रंग निळा. उद्या टोपी घालून फोटो काढायचा आणि पप्पांना पाठवायचा.

सॅक भरली. दुर्बीण घेतली. पाचचा अलार्म, आठ वेळा.

३१ मे, सकाळ ६:२०

उठलो! टोपी घालून दारात उभा होतो, तेवढ्यात बेल वाजली.

पप्पा. मागे आई. दोघांच्या डोक्याला नव्या कोऱ्या टोप्या, पप्पांच्या पायात पांढरे बूट. आयुष्यात कधी बूट घातले नाहीत या माणसाने.

पाठीवर थाप मारली. म्हणाले, शेवटाला नेलंस बाबा, मानलं, संतोषला मी ‘नाही’ म्हणून कळवतो. मग आत्याला म्हणाले, चला, रिक्षा खाली उभी आहे, चौघांचीच जागा आहे.

मग माझ्या हातात आमच्या घराची चावी ठेवली. इथलं अकराचं भरलंस की उल्हासनगरला जा म्हणाले. आपल्याकडे चारला येतं.