काटा नेमका कुणाचा

१२ जानेवारी
— आणि वर निकालात लिहितात, 'शब्द पुरेसे स्पष्ट आहेत'! कसले डोंबलाचे स्पष्ट? आमच्या अशिलाच्या, तुळशीरामच्या, फोनमधनं पोलिसांनी एकच व्हॉइस नोट उचलली. बायकोला पाठवलेली. 'आज त्याचा काटा काढतोच.' बास! खुनाचा प्रयत्न, सात वर्षं आत.

शेजारच्या होडीवाल्या हितेशचं डोकं त्याच रात्री कुणीतरी अंधारात रॉडने फोडलं. बघितलं कुणीच नाही, हितेशनेही नाही. होडी लावायच्या जागेवरून दोघांची भांडणं होती, एवढंच. आणि ही नोट. याला म्हणे पुरावा! आमच्या कॉलेजच्या लुटुपुटूच्या मूट कोर्टात पण हसले असते.

१३ जानेवारी
आज माझी पार इज्जत गेली. आमच्या सीनियर नंदिनी मॅडमनी अपिलासाठी ती नोट इंग्लिशमध्ये करायला सांगितली. मी लिहिलं 'बोन', म्हणजे — 'आज मी त्याचं हाड काढणार.' माशाचं असतं तसं! मला तेवढाच काटा माहीत.

स्वराज टेबलावर डोकं आपटून हसला. 'अगं जाई, काटा काढणं म्हणजे गेम करणं! सीवूड्सच्या टॉवरमधली मेमसाब!' ज्युनिअर तोही, मीही. एवढं काय!

मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'थांब. त्या दिवशी त्यांच्या घरात शिजत काय होतं?'

१५ जानेवारी
पाला!!! काट्यांनी भरलेला मासा.

जमुनाताई, म्हणजे तुळशीरामची बायको, ऑफिसला आल्या होत्या. 'पाला आनला व्हता पोरी. मी फोटू धाडला, लिवला, काटे लय हायेत. तेवर बोलला तो.'
'मग कोर्टात का नाही सांगितलंत?'
'आधीचा वकील बोलला, माशाचं नका सांगू, हसतील.'

हसतील! माणूस आत गेला तरी चालेल, पण जजसमोर मासळीचा वास नको. आणि खालच्या कोर्टाचे जजसाहेब! पेपरात वाचलेलं मराठी घेऊन कोळ्याच्या ताटावर बसले. पाला मलाही परवापर्यंत माहीत नव्हता, मान्य. पण मी कुणाला आत नाही टाकलं ना!

२९ जानेवारी
हायकोर्ट. सरकारी वकील उठले, 'अपिलात नवीन पुरावा? ट्रायलला झोपला होतात का?' मॅडम शांत. 'नवीन काही नाही. तुकडा तुम्ही कापलात, मी त्याच्या आजूबाजूचं जोडतेय.' फोटो दिला, 'काटे लय हायेत'चा जमुनाताईंनी पाठवलेला स्क्रीनशॉट दिला. सरकारी वकिलांचं तोंड बघण्यासारखं झालं!

मग जजसाहेब म्हणाले, 'संदर्भ हवाय ना? मग त्या दिवसाचं अख्खं चॅट द्या. तुमच्या आवडीचा तुकडा नको.'

घ्या की! आम्ही काय सरकारी वकिलांसारखे तुकडे कापणारे आहोत?

३० जानेवारी
स्वराज आता मला 'काटा एक्सपर्ट' म्हणतो. जळतो मेला.

३ फेब्रुवारी
जमुनाताईंनी फोन आणून दिला. देताना पटकन सोडला नाही. मला वाटलं, फोन जपत असतील.

चॅट लिहून काढायला बसले. फोटो. 'काटे लय हायेत.' त्याची नोट. आणि त्याच्याखाली जमुनाताईंची एक नोट, जी आम्हाला कधी दाखवलीच नव्हती —

'पाल्याचा का हितेशचा?'

मग तो: 'दोघांचा!' आणि खो खो हसतोय. जमुनाताईंचंही हसू येतं पुढच्या नोटमध्ये.

माझे बाबा सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल याहून वाईट बोलतात. आई पण अशीच हसते. पण आमच्या सेक्रेटरीचं डोकं त्याच रात्री कुणी फोडलेलं नाही.

मॅडमना अजून सांगितलं नाहीये. सांगावं तर लागणारच. पण काय म्हणून सांगू? डायरी, तूच सांग — ही नवराबायकोची मस्करी, की कबुली?