कुत्री तुम्ही का शोधलीत

रविवार, १२ मे, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. कुत्र्यांची भांडी घासून लिहायला बसलो आहे.

दादा,

तुम्ही बायकोचे सख्खे भाऊ, म्हणून नमस्कार. एरवी केला नसता.

वर्षभर आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो. तुमच्या गावाजवळ सुट्टीला आलो, तिथेही खोल्या दोन घेतल्या. एकीत ती आणि दोन्ही कुत्री, दुसरीत मी. पहिल्याच सकाळी कुत्री पळाली. फाटकाची कडी माझ्याकडून राहिली होती. हे तिला ठाऊक नाही आणि तुम्ही सांगितल्याशिवाय राहणार नाही, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

दोन दिवस आम्ही हाका मारत हिंडलो. भिंतीवर कुत्री हरवल्याचे, हजार रुपये बक्षिसाचे कागद लावताना खळीने आमची बोटं चिकटली, तेव्हा ती हसली. दुसऱ्या संध्याकाळी बाकावर माझा हात धरून म्हणाली, "नाही सापडली तरी आपण आहोत ना."

तेवढ्यात तुमची गाडी आली, मागच्या सीटवर दोन्ही कुत्री.

"काय जावईबापू, साधी कुत्री सांभाळता येत नाहीत, संसार काय सांभाळणार?"

तिने हात सोडला आणि कुत्र्यांकडे धावली. तेव्हापासून पुन्हा कामापुरतंच.

कागद छापायला १८० रुपये, खळीला २०. बक्षिसाचे हजार तुम्हाला देणे आहेत. ते मिळणार नाहीत.

आता उठून त्याच फाटकाची कडी काढतो. या वेळी कृपा करून घरी बसा.

तुमच्या बहिणीचा नवरा,
अजून तरी