वरची साखळी

आप्पा, आज करडईचं तेल कढवताना तुमची आठवण झाली, आणि झाली ती रागावलेलीच झाली. एक साहेब बदलीवर जाताना ती लांबलचक दोघांची सायकल तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात टाकून गेला होता. निजामाच्या राज्यात तशी दुसरी असेल तर असेल, आपल्या धाराशिवात तरी कुणी पाहिली नव्हती. पुढं एक बसणार, मागं एक, आणि दोघांची पायडलं डाव्या अंगानं एका साखळीनं बांधलेली. तोवर तुमची नजर पार गेली होती. तुम्ही ती सायकल हातांनीच पाहिलीत. पुढच्या पायडलांचा दांडा एका जाड लोखंडी डबीत बसवलेला. डबी बाहेरून गोल, पण दांड्याचं भोक मधोमध नाही, एका अंगाला. "येडी डबी हाय ही," म्हणून तुम्ही हसलात. बोल्ट ढिला करून डबी जराशी फिरवली की दांडा पुढं सरकतो आणि साखळी ताणते, एवढंच तिचं वेड. आत गंज धरू नये म्हणून मी तिला घरातलं करडईचं तेल चोपडलं, ते वाळून डिंकासारखं झालं आणि डबी हलेना. "अगं, लोखंडाला फोडणी घातलीस व्हय? करडी पोटाला, वंगण लोखंडाला!" मग निखाऱ्यावर तापवून तुम्हीच ती सोडवलीत.

पुढं सायकली दुरुस्त करायला आपण बाजारगावं धरली. सासर सोडून आलेली लेक काष्टा घालून पुढं, आंधळा बाप मागं, हत्यारांची पिशवी मधे. ढोकीच्या बाजारात लोक ओरडायचे, "गाडी पुढं अन् बैल माघं!" तुम्ही म्हणायचा, "बैल खमक्या हाय, म्हणून गाडी चाललीया." चढावर मी धापा टाकायला लागले की तुमचा आवाज यायचा, "खाली बघ. साखळीची खालची बाजू लोंबत असंल तर तू एकटी ओढतीस. वरची ढिली पडली तर समज, म्या ओढतोय. तू पाय नुसते ठेव." मी बघायची. वरची ढिली असायची.

तुम्ही गेलात. आपल्या रीतीनं तुम्हाला बसवूनच माती दिली. बाजार काही सुटला नाही, मी एकटी जात राहिले. आईचाच जीव तो, अव्वाला ते बघवत नसे. "त्यांची पायडलं मोकळीच फिरत्यात. काढ ती साखळी."

"अव्वा, ती काढली तर माझी पायडलं फुकट फिरतील. जोर चाकाला जातो तो तिच्यातनंच."

ती हळूच म्हणाली, "बसवून पुरलेलं माणूस उठत न्हाय गं. पण बसायचं म्हटलं तर कुठंबी बसंल."

येडशीकडचा तो चढ. उन्हं चांगली वर आलीत. कडेला शेळ्या राखणारी एक म्हातारी हात वर करते. "ए बाई, म्हाताऱ्याला उतरीव की! केवढा जोर लावतोय."

"मागं कोण न्हाय, मावशी."

"मग पायडलं कशी फिरत्यात?"

"ती फिरतातच. ही बघा साखळी," म्हणून मी तिला दाखवायला खाली बघते. वरची बाजू ढिली. लोंबतेय, झोके खातेय. खालची तारेसारखी ताठ. माझे पाय पायडलांवर नुसते ठेवलेले आहेत, आणि चढ सरतो आहे. मी मागं वळून बघितलं नाही. म्हातारी शेळ्या घेऊन रस्त्यापासून लांब झाली.

त्यानंतर मी डबीला हातच लावला नाही. साखळी झिजून आणखी सैल होत गेली तरी ताणली नाही. घट्ट केली तर वरची काय आणि खालची काय, ढील डोळ्यांना दिसणार नाही, आणि तुम्ही आहात की नाही हे मला कळणार कसं? शेवटी एका उतारावर साखळी उडाली, माझ्या काष्ट्यात गुंतली, मी सायकलीसकट खडीवर. गुडघा फुटला. तिथंच बसून मला वाटलं, मी पडले ते पडले, पण मेल्यावरसुद्धा या माणसाला चढ चढायला लावतेय मी. जन्मभर ओढलंत ते काय कमी होतं? घरी येऊन डबी बाहेर काढली, पुसली, वंगण लावलं, फिरवली. बोटानं दाबून बघितलं. नखभर दबली. तुमच्या हिशेबानं अगदी बरोबर.

दुसऱ्या बाजाराला तोच चढ मला जड गेला. सायकल तीच, पिशवी तीच, पण असा जड की अर्ध्यावर उतरून ढकलत न्यावी लागली.

हे पत्र कुणाच्या हाती देणार? तुम्हाला दिसत नव्हतं, आलेला कागद मीच वाचून दाखवायची. म्हणून एक गोष्ट इथंच सांगते. त्याच दिवशी चढ संपल्यावर मी सायकल झाडाला टेकवली, बोल्ट पुन्हा ढिला केला, डबी उलटी फिरवून साखळी सैल केली आणि खाली जाऊन चढ पुन्हा चढले. सगळा वेळ साखळीकडे बघत. खालचीच लोंबत होती, आप्पा.