केशरी पडद्याचे घर

प्रिय मौनी,

तुझी दोन्ही पत्रे पोचली. पहिल्या पत्रातला प्रश्न तू दुसऱ्यातही जसाच्या तसा विचारला आहेस आणि मी मात्र इतके दिवस गप्प राहिलो. म्हणजे गुरुजींनी आपल्याला दिलेली नावांची आता अदलाबदल करायला हरकत नाही. वर्गात तोंड न उघडता वर्षानुवर्षे बसणारा तो मौनी आता मी, आणि प्रत्येक वाक्याला हात वर करणारा शंकासुर तू. डोळ्यांना अक्षरे नीट लागत नाहीत असे तू लिहिलेस, म्हणून मुद्दाम मोठे अक्षर काढतो आहे. ते मध्येच वाकडे गेले तर वयाला दोष देऊ नकोस. मी दमलो आहे, इतकेच. नदीकाठच्या त्या निवासात तुझ्या शेजारची खोली तू माझ्यासाठी धरून ठेवली आहेस, गुरुजींच्या आजारपणाने अर्धवट राहिलेला ग्रंथ तिथे पुन्हा पहिल्या श्लोकापासून वाचायला घ्यायचे आपले ठरले आहे, आणि ‘कधी येतोस’ एवढेच तुला हवे आहे, हे सारे माझ्या ध्यानात आहे. त्याच्याकडेच येतो आहे. पण वाट घरावरून जाते, म्हणून आधी घराचे सांगतो.

चिरंजीवांनी स्वतःचे घर घ्यायचे ठरवले, तेव्हा मला मनातून हलके वाटले होते. हे एवढे मार्गी लागले की गृहस्थाश्रमाच्या पटावरून आपले नाव कमी करायला कोणाची आडकाठी उरणार नाही, असा माझा हिशेब होता. भाड्याच्या घरांना ती दोघे विटली होती आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझी नात. दर खेपेला नवी शाळा, नवा रस्ता, नवी खिडकी. गेल्या शाळेत तिच्या बाईंनी विचारले, की तू डबा एकटीच का खातेस, तर ही म्हणाली, मैत्रीण करून काय उपयोग, आम्ही जाणारच आहोत. सूनबाईने हे घरी येऊन सांगितले तेव्हा जेवताना कोणी कोणाकडे बघितले नाही. विरक्तीची व्याख्या करण्यात आपण दोघांनी उमेदीची वर्षे घालवली, आणि ही एवढीशी पोर नकळत त्या टोकाला जाऊन बसली होती. फरक इतकाच, की तिची विरक्ती पाहून समाधान वाटेना.

मग सुट्टीचा प्रत्येक दिवस घरे पाहण्यात जाऊ लागला. आम्हाला एक दलाल मिळाला होता, त्याच्या कोशात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. तो ‘हवेशीर’ म्हणाला की तावदान फुटले आहे असे समजावे, ‘शांत वस्ती’ म्हणाला की मागे दफनभूमी आहे असे समजावे. मला ती मंडळी बरोबर नेत, कारण मला घरी एकटे ठेवून जाणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. प्रत्येक दारात वाकून बूट काढायचे, ‘आजोबा, तुम्ही बसा’ असे कोणीतरी म्हणायचे, मग परक्या खुर्चीवर बसून ही दोघे नळ सोडून पाहतात तो आवाज ऐकायचा, आणि पुन्हा वाकून बूट घालायचे. उंबरठा ओलांडताना मनात नाम घ्यायची माझी जुनी सवय तुला ठाऊक आहे. त्या काळात मी देवाला इतक्या अनोळखी घरांतून फिरवले, की तोही कंटाळून बाहेरच थांबत असावा.

शेवटी जे घर मिळाले, ते शहराच्या कडेला असलेल्या जुन्या उपनगरात. वस्ती अशी मुरलेली, की झाडांच्या मुळांनी पदपथाच्या फरशा उचलून धरल्या आहेत आणि लोकांनी त्या उंचवट्यांना अनुसरून आपली चाल बदलून घेतली आहे. ठेंगणी फाटके, एका साच्यातली घरे, प्रत्येकाच्या पुढे हातभर बाग. पण नीट पाहिले तर दिवसा रस्ता रिकामा. काही खिडक्यांना आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली. कोणीतरी घर घेऊन ठेवले आहे, पण तिथे राहत कोणी नाही. दलालाने त्यालाही ‘निवांतपणा’ असेच नाव दिले.

घरमालकीणबाई एकेकाळी औषधांचे दुकान चालवत. ती शिस्त घरभर दिसत होती. प्रत्येक बटणाशेजारी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: ‘हे जिन्याचे’, ‘हे लावू नये’. न्हाणीघरातल्या नळावर ‘आधी डावीकडे, मग थांबावे’. चिरंजीव हळूच म्हणाले, बाबा, या घराला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय पाणीसुद्धा मिळणार नाही. सूनबाईने ओठ दाबून हसू आवरले. तिला घर पाहताक्षणी आवडले होते, हे तिच्या गप्प होण्यावरून मला कळले. खालच्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड करून एक लहान खोली आहे. तिथे आपले कामाचे टेबल कुठे बसेल, हे ती मनातल्या मनात मोजत होती. फक्त त्या खोलीच्या खिडकीला एक पडदा होता, जाड, आणि इतका भडक केशरी की डोळे दिपावेत. सूनबाई नवऱ्याच्या कानाशी लागली, ‘हा मात्र पहिल्या दिवशी जाणार.’ नात तोवर जिन्याच्या पायरीवर बसून, आपले दप्तर कुठल्या खुंटीला अडकेल हे ठरवत होती. तिने असे काही ठरवताना मी प्रथमच पाहिले.

व्यवहाराचे बोलणे निघाले, तेव्हा बाईंनी दलालाला चक्क बाहेर बागेत बसायला सांगितले. म्हणाल्या, घर पाडून वर मजले चढवणारे ठेकेदार माझ्या फाटकाशी रोज उभे असतात, त्यामुळे विकले जाणार नाही ही चिंता मला नाही. माझा अडसर वेगळा आहे. मग त्यांनी आम्हाला खिडकीशी नेले. समोरच्या घरात एक घड्याळजी राहतात, एकटे. आयुष्यभर भिंग लावून बारीक चाके न्याहाळली आणि आता दृष्टी जवळजवळ गेली. पाय आधीच गेले आहेत. दोघांच्याही घरी दुसरे कोणी उरले नाही, तेव्हा या दोघांनी आपसात एक रीत घालून घेतली. सकाळी उठले की रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा उघडायचा. एकाचा पडदा उघडला नाही, तर दुसऱ्याने जायचे. किल्ल्या एकमेकांपाशी आहेतच. घड्याळजींना चालवत नाही, ते दूरध्वनी करतात आणि कोणाला तरी हाका मारतात. त्यांना आकार दिसत नाहीत, रंगाचा डाग तेवढा दिसतो, म्हणून बाईंनी साऱ्या बाजारातून शोधून हा केशरी आणला. बाईंना आता दूर बहिणीच्या गावी जायचे आहे. बहीण अंथरुणाला खिळली आहे, न जाऊन चालणार नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की दिवसा घराला कुलूप लावणाऱ्या माणसांना हे घर द्यायचे नाही. ‘तुम्ही दोघे नोकरी करणारे. सकाळी पळापळ, त्यात कधी उघडाल, कधी विसराल. घरात मोठे माणूस असेल तर द्यायला माझी हरकत नाही.’ आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, ‘तुम्ही राहणार ना इथे? पडदा तुम्ही उघडाल ना?’

मौनी, त्या वेळी खोलीत काय काय होते, ते मला अजून दिसते. चिरंजीव जमिनीकडे पाहत होते. सूनबाईचा हात दाराच्या चौकटीवर होता. तुझे-माझे नदीकाठचे ठरलेले त्या दोघांनाही ठाऊक होते, किंबहुना तिकडे न्यायच्या माझ्या ट्रंकेला नवे कुलूप चिरंजीवांनीच आणून दिले होते. जिन्यावरून नातीचे गाणे ऐकू येत होते. मी ‘हो’ म्हणालो. आवाज माझाच होता, आणि तो जराही अडखळला नाही याचे मला नवल वाटले. बाईंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, मग दलालाला आत बोलावले.

परतताना गाडीत चिरंजीव खुशीत होते. म्हणाले, ‘बाबा, काय झकास वेळ मारून नेलीत. इतक्या वर्षांत तुम्हाला थाप मारताना पहिल्यांदा ऐकलं.’ सूनबाई पुढच्या आरशातून माझ्याकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सांगितले, की खालची खोली मला लागेल. चिरंजीवांच्या हातातला कप तसाच राहिला. ‘अहो, पण तुमचं नदीवर जायचं ठरलंय ना? आणि बाई तर लांब चालल्या आहेत. कोण बघायला येणार आहे पडदा?’ मी म्हणालो, घड्याळजी बघतील. मग सूनबाई म्हणाली, ‘माझं टेबल जिन्याखाली बसेल.’ तिच्या स्वरात रागही नव्हता आणि आनंदही नव्हता; पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावी तसे ती ते बोलली. उठता उठता तिने एक प्रयत्न करून पाहिला: ‘पण बाबा, निदान पडद्याचा रंग?’ मी नाही म्हणालो. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘मग मी त्या खोलीत काळा चष्मा घालून येत जाईन.’

तुला वाटेल, शंकासुराने स्वतःलाच कसे विचारले नाही, की एक खोटे बोललास तर प्रायश्चित्त करून मोकळा हो, साऱ्या आयुष्याची दिशा कशाला फिरवतोस. विचारले. बूट काढताना विचारले, जपाला बसल्यावर विचारले, आणि जपाची माळ कुठवर आली हे विसरलो. एकदा तर असेही वाटून गेले, की बाईंना उत्तर देणारा मी नव्हतोच, घराचा लोभच बोलला. माझा लोभ, मुलाचा लोभ, त्या खुंटीचा लोभ. मोह मोठा कसबी असतो, आपण त्याला कर्तव्याच्या वस्त्रांत कितीदा पाहिले आहे. मग मला तू आठवलास. गुरुजींनी वर्गात विचारले होते, वचन खोटे कधी ठरते? मी लगेच उठून लांबलचक उत्तर दिले, देणाऱ्याच्या मनातला हेतू, शब्दाची शक्ती, काय वाटेल ते. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि तुझ्याकडे पाहिले. तू म्हणालास, ‘मोडल्यावर.’ एवढेच बोलून खाली बसलास. त्या वर्षातला तुझा तो बहुधा एकुलता एक शब्द. मी तेव्हा मनात चिडलो होतो, कारण त्यावर मला काही सुचेना. अजूनही सुचलेले नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून इतका उशीर. मी येत नाही. हे पत्र मी त्याच खालच्या खोलीतून लिहितो आहे. नव्या कुलपाची ट्रंक पलंगाखाली सरकवून ठेवली आहे आणि बटणांवरच्या चिठ्ठ्या सूनबाईने काढल्या नाहीत. नातीने शेजारच्या गल्लीतली एक मैत्रीण केली आहे, दोघी मिळून माझ्या पडद्याला नावे ठेवतात. सकाळी मी दोरी ओढतो, समोरचा पडदा उघडलेला दिसतो, मी हात वर करतो. घड्याळजींना तो दिसत नाही, पण हात वर केल्यावाचून मला खिडकीपासून हलवत नाही. मग मी जपाला बसतो, आणि जपात तुझी खिडकी येते. ग्रंथ माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. शेजारची खोली आता दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. जमल्यास अशा माणसाला दे, ज्याचा आवाज स्पष्ट आहे आणि ज्याला अन्वय लावून सावकाश वाचता येते, कारण तुला आता ऐकावे लागणार, आणि घाईने वाचलेले तुला खपत नाही. माझी जागा दुसऱ्याला द्यायला मीच सांगतो आहे, हे लिहिताना हात जड झाला, ते अक्षरावरून तुला कळेलच. नाही कळले तर बरेच. तुझ्या खिडकीला पडदा आहे की नाही, हे तू कधी कळवले नाहीस. असेल तर सकाळी उठल्याबरोबर उघडत जा. आणि जो कोणी त्या खोलीत येईल त्याला पहिल्याच दिवशी एवढे सांगून ठेव, की तो पडदा बंद दिसला तर दार वाजवायचे.

तुझाच,
शंकासुर